सरकार छोटं केलं तर माझा कर किती कमी होईल?

प्रश्न असा आला आहे: पगार वर्षाला १५ लाख. 'कर म्हणजे कायदेशीर चोरी' असं म्हणणाऱ्या लिबर्टेरियन मंडळींचं, आपल्याकडे ज्यांना स्वतंत्रतावादी म्हणतात त्यांचं, बरंच वाचून झालंय. सरकारने लष्कर, पोलीस आणि कोर्टं तेवढी सांभाळायची, बाकी सगळं लोकांवर सोडायचं असं उद्या भारतात ठरलं, तर मला किती कर भरावा लागेल? आणि कापायचं तर हे लोक सुरुवात कुठून करतील?

सरकारी अंदाजपत्रकं वाचणं आणि लोकांना उलगडून सांगणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर आकड्यांतूनच देतो. पण आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. तुम्ही कराचा दर विचारताय, आणि दर निघतो सगळ्यात शेवटी. सरकार किती खर्च करणार हे आधी ठरतं, आणि तो खर्च आज ना उद्या आपल्याच खिशातून जातो. आज कर वसूल केला नाही तर कर्ज निघतं, म्हणजे तो उद्याचा कर. नोटा वाढवून भागवलं तर महागाई होते, म्हणजे विधिमंडळात न मांडता घेतलेला कर. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन हेच सांगत आले: सरकार किती खर्च करतंय त्यावर नजर ठेवा, खरा कर तोच. तेव्हा तुमचा प्रश्न मी असा वाचतो: सरकारच्या खर्चापैकी किती खर्च खरोखर थांबवता येतो, किती वर्षांत, आणि तो थांबला तर त्यातलं माझ्यापर्यंत किती पोचेल?

आधी तुम्ही आज काय भरता ते पाहू. २०२५-२६ ची नवी करप्रणाली धरतो. १५ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले १४.२५ लाख. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या चारांवर १० टक्क्यांनी ४० हजार, वरच्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. बेरीज ९३,७५०, त्यावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर, एकूण ९७,५००. म्हणजे पगाराच्या साडेसहा टक्के. 'मी ३० टक्क्यांत आहे' असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे गणित आपल्या आकड्यांवर करून बघावं.

जीएसटीचा हिशेब घरागणिक बदलतो. राहत्या घराचं भाडं, शाळेची फी, सुटं धान्य, भाजी, दूध यांवर तो नाही. समजा तुम्ही वर्षाला चार लाख रुपये १८ टक्क्यांच्या वस्तू-सेवांवर खर्च करता. छापील किमतीत कर आधीच मिळवलेला असतो, म्हणून चार लाखांना ११८ ने भागून १८ ने गुणायचं. साधारण ६१ हजार. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट वेगळा. सगळं धरून तुमच्यासारख्या माणसाचा बोजा पगाराच्या १० ते १३ टक्क्यांत बसतो. चारचाकी घेतली त्या वर्षी तो उडी मारतो.

आता लिबर्टेरियन म्हणजे कोण? सगळे एका माळेचे मणी नाहीत. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्डच्या वाटेने जाणाऱ्यांना सरकारच नको. पोलीससुद्धा वर्गणीवर चालावेत असं त्यांचं म्हणणं. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकला पहारेकरी सरकार, म्हणजे लष्कर-पोलीस-कोर्टापुरतं सरकार, मान्य, त्यापलीकडे कमाईवरचा कर त्याला वेठबिगारीच्या बरोबरीचा वाटतो. फ्रीडमन आणि अर्थतज्ज्ञ हायेक बरेच मवाळ. हायेकला किमान उत्पन्नाची हमी चालते. फ्रीडमनने तर गरिबांना उलट पैसे देणारा ऋण आयकर सुचवला, अट एवढीच की बाकीच्या पन्नास योजना बंद करा. आपल्याकडे १९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी आणि प्रा. रंगा यांचा स्वतंत्र पक्ष आणि नंतर शरद जोशींचा स्वतंत्र भारत पक्ष ही साधारण या तिसऱ्या घराण्यातली मंडळी. तुमच्या प्रश्नात नोझिकचं सरकार आहे, म्हणून गणित त्याचंच मांडतो. 'चोरी' या शब्दावर मी वेळ घालवत नाही. मालमत्तेचा हक्क टिकवायला सातबारा, नोंदणी आणि कोर्ट लागतं, त्याचा खर्च कुणीतरी द्यावाच लागतो. वाद उरतो तो त्यापुढच्या खर्चाचा.

२०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, आणि देशाचं सकल उत्पन्न (जीडीपी) धरलंय साधारण ३५७ लाख कोटी. संरक्षणाला निवृत्तिवेतनासह ६.८१ लाख कोटी. गृहखात्याला २.३३ लाख कोटी, ज्यात निमलष्करी दलांबरोबर केंद्रशासित प्रदेशांचे पैसेही आहेत. परराष्ट्र खात्याला साडेवीस हजार कोटी. तिन्ही मिळून ९.३५ लाख कोटी, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या २.६ टक्के. रोजची पोलीस चौकी आणि तालुक्याचं कोर्ट राज्यांकडे. राज्यं पोलिसांवर आपल्या अंदाजपत्रकाच्या चारेक टक्के आणि न्यायव्यवस्थेवर एक टक्क्याहूनही कमी खर्च करतात. ते मिळवलं तर अख्खं पहारेकरी सरकार साडेतीन टक्क्यांत उभं राहतं. केंद्र आणि राज्यांचा मिळून आजचा कर १८ टक्क्यांच्या आसपास आहे. इथपर्यंत वाचणारा माणूस खूश होतो: कर पाचवा हिस्सा!

घोडं पेंड खातं ते पुढच्या ओळीवर. २०२५-२६ मध्ये केंद्राने नुसत्या व्याजाला धरले १२.७६ लाख कोटी. उत्पन्नाच्या ३.६ टक्के. राज्यांचं व्याज धरलं तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे लष्कर, पोलीस, कोर्ट, वकिलाती या सगळ्यांना मिळून जेवढं लागतं त्याच्या दीडपट पैसा जुन्या उसनवारीवर जातोय. हे कापता येत नाही. सरकारला कर्ज देणाऱ्यांत, म्हणजे सरकारी रोखे घेणाऱ्यांत, बँका आहेत, एलआयसी आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, म्हणजे फिरून तुम्ही-आम्हीच. त्यावर आधीच निवृत्त झालेल्यांचं निवृत्तिवेतन: संरक्षणाचं वर मोजलंय, उरलेलं केंद्राचं आणि राज्यांचं मिळून आणखी दोनेक टक्के. बेरीज अकराच्या घरात गेली. राज्यांचे आकडे ढोबळ आहेत, अर्धा टक्का इकडे-तिकडे होईल, निष्कर्ष बदलत नाही.

म्हणजे एकही शाळा नाही, एकही रस्ता नाही, रेशन नाही, कालवा नाही, प्राथमिक आरोग्य केंद्र नाही, अशा सरकारलाही पहिल्या दिवशी ११ टक्के कर लागेल. सगळ्या करांत सारखी कपात केली असं धरलं तर तुमचे ९७,५०० साठ हजारांच्या आसपास येतील. सदतीस हजार वाचतील आणि मुलाच्या शाळेपासून रस्त्याच्या टोलपर्यंत सगळं पदरचं. साडेतीन टक्क्यांचं सरकार हवं असेल तर मधली वीस-पंचवीस वर्षं कर्ज फेडण्यात जातील. याला लिबर्टेरियन उत्तर तयार असतं: सरकारी मालमत्ता विका आणि कर्ज भागवा. तत्त्वतः बरोबर. व्यवहारात एअर इंडियाचा सौदा समोर ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी ती १८ हजार कोटींना घेतली, पण त्यातले १५,३०० कोटी म्हणजे त्यांनी अंगावर घेतलेलं कर्ज. रोख हाती आले २,७०० कोटी, आणि ४६ हजार कोटींहून जास्त कर्ज सरकारच्याच एका कंपनीकडे राहिलं. विक्री तरीही योग्यच होती, कारण रोज वीसेक कोटींचा तोटा थांबला. पण तोटा थांबवणं वेगळं आणि कर्ज फेडण्याएवढा पैसा उभा करणं वेगळं.

अजून एक गोष्ट बहुतेक लिबर्टेरियन वाचकांच्या लक्षात येत नाही. त्यांच्या यादीतली कामं, म्हणजे पोलीस आणि न्याय, भारतात सगळ्यात उपाशी आहेत. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं. आज ते १५ च्या आसपास आहेत. देशातले पाच कोटींहून जास्त खटले तुंबलेत. करार मोडला म्हणून पुरवठादारावर दावा टाकला आणि निकाल दहा वर्षांनी लागला, तर मुक्त बाजार चालायचा कशावर? म्हणून अमेरिकेतल्या लेखांमधलं 'सरकार खूप मोठं झालंय' हे वाक्य इथे जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे केंद्र-राज्यांचा मिळून खर्च देशाच्या उत्पन्नाच्या २८ टक्क्यांच्या आसपास, युरोपच्या मानाने कमीच. दुखणं वेगळं आहे: नको तिथे सूज आणि हवं तिथे हाडं वर आलेली. न्यायव्यवस्थेवरचा खर्च दुप्पट केला तरी उत्पन्नाच्या पाव टक्काही वाढत नाही. प्रामाणिक लिबर्टेरियन अंदाजपत्रकात ही ओळ वाढलेली दिसली पाहिजे.

आता कापायचं कुठून. तुमच्या मनात बहुधा सबसिड्या असतील. अन्न २.०३ लाख कोटी, खत १.६८ लाख कोटी, गॅस १२ हजार कोटी, बेरीज ३.८३ लाख कोटी. तिन्ही एका रात्रीत शून्य केल्या असं समजा. तुमचा कर किती कमी होईल? एक रुपयाही नाही. कारण राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायचा खर्च, २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात उत्पन्नाच्या ४.४ टक्के धरलीय, आणि ती २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यातल्या ३ टक्क्यांवर आणायलाच १.४ टक्के, म्हणजे पाच लाख कोटी लागतात. तिन्ही सबसिड्या गेल्या तरी जवळपास १.१७ लाख कोटी कमी पडतात. म्हणून 'अमुक योजना बंद करा, माझा कर कमी होईल' हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो: तूट भरून झाल्यावर काय उरलं?

कपातीचा क्रमसुद्धा महत्त्वाचा, आणि इथे आपल्याकडची लिबर्टेरियन परंपरा परदेशातल्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे असं माझं मत आहे. खताचंच घ्या. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६.५० रुपयांना मिळते, किंमत कायद्याने बांधलेली, फरक सरकार कंपनीला देतं. त्यामुळे नत्र स्वस्त, स्फुरद आणि पालाश महाग, आणि रानात युरियाचा मारा. सबसिडी वाईट आहे यात वाद नाही. पण ती आधी काढली आणि बाकी जैसे थे ठेवलं तर काय होईल ते पाहायला लासलगावला जावं लागेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. आता एकरभर कांदा, शंभर क्विंटल माल धरा, आणि समजा बंदीमुळे भाव क्विंटलला ८०० रुपयांनी पडला. शेतकऱ्याचे ८० हजार गेले. तुमच्या १५ लाखांच्या पगारावरच्या आयकराच्या जवळपास. फरक एवढाच की तुमचा कर फॉर्म १६ वर दिसतो, परताव्याचा दावा करता येतो, लोकसभेत दरावर मतदान होतं. हे ८० हजार कुठल्याही अंदाजपत्रकात सापडत नाहीत, कारण ते सरकारच्या तिजोरीत गेलेच नाहीत; शहरातल्या ग्राहकाच्या पिशवीत गेले. आणि वर ऐकायचं की शेतकरी आयकर भरत नाही.

शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणत. जागतिक व्यापाराच्या गॅट कराराच्या वेळी भारताने स्वतःच दिलेल्या आकडेवारीत शेतीला मिळणारा पाठिंबा उणे निघाला होता, म्हणजे जगाच्या भावापेक्षा शेतकऱ्याला कमी मिळत होतं. त्यामुळे शेतकरी संघटनेची मागणी सबसिडी वाढवा अशी नव्हतीच: 'सूट-सबसिडीचे नाही काम, आम्हाला हवे घामाचे दाम.' यातून क्रम सरळ निघतो. आधी निर्यातबंदी, साठामर्यादा आणि १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा बाजूला करा, भाव मोकळे होऊ द्या, दोन हंगाम जाऊ द्या, मग खताची सबसिडी टप्प्याटप्प्याने काढा. उलटं केलंत तर एकाच माणसाला दोनदा सोलाल, आणि पुढच्या निवडणुकीत दोन्ही गोष्टी परत येतील. शिवाय पहिल्या टप्प्याला सरकारला जवळजवळ काही खर्च येत नाही. सरकार किती मोठं आहे हे नुसतं कर आणि खर्चाने मोजलं की निम्मं चित्र निसटतं, ते असं.

हा क्रम कागदावरचा नाही. न्यूझीलंडमध्ये १९८४ ला मजूर पक्षाचं सरकार आलं आणि अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी शेतीच्या सबसिड्या झपाट्याने काढल्या. पण त्याच काळात चलन मुक्त केलं, आयात शुल्कं उतरवली म्हणजे शेतकऱ्याची अवजारं स्वस्त झाली, १९८६ मध्ये १० टक्क्यांचा सरसकट जीएसटी आणला आणि आयकराचा कमाल दर ६६ वरून ३३ टक्क्यांवर आणला. हजारो शेतकरी देशोधडीला लागतील अशी भीती होती. प्रत्यक्षात शेती सोडावी लागली ती एक टक्क्याच्या आसपास. मेंढ्यांची संख्या मात्र खूप घटली, कारण बऱ्याच मेंढ्या नुसत्या सबसिडीसाठी पाळलेल्या होत्या.

नेमकी उलटी चाल पाहायची असेल तर ब्रिटन. २३ सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस सरकारने ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, खर्च कुठला कापणार ते सांगितलंच नाही. सरकारी रोख्यांचे व्याजदर भडकले, पेन्शन फंड अडचणीत आले, पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं, आणि २० ऑक्टोबरला पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. या प्रयोगाला लिबर्टेरियन म्हणणं मला पटत नाही. ऋण काढून सण होता तो.

अर्जेंटिनाचे हाविएर मिले स्वतःला उघड लिबर्टेरियन म्हणवतात, म्हणून त्यांचं वेळापत्रक तपशिलात बघण्यासारखं आहे. १० डिसेंबर २०२३ ला सत्तेवर आले, १८ मंत्रालयांची ९ केली, सार्वजनिक बांधकामं जवळपास थांबवली, प्रांतांना मर्जीने दिले जाणारे पैसे तोडले. पण त्याच महिन्यात आयातीसाठी परकीय चलन घेण्यावरचा कर ७.५ वरून १७.५ टक्के केला! कर वाढवणारा लिबर्टेरियन म्हणून चेष्टा झाली. त्यांचा हिशेब मात्र बरोबर होता: आधी तूट शून्य, मग कर. सप्टेंबर २०२४ मध्ये तो कर परत ७.५ वर आला आणि डिसेंबरमध्ये संपला. २०२४ साल शिलकीत गेलं. महागाई २०२३ च्या २११ टक्क्यांवरून ११८ वर आली. किंमत कुणी मोजली तेही सांगायला हवं. कपातीचा मोठा वाटा महागाईने झिजलेल्या निवृत्तिवेतनातून आला, आणि २०२४ च्या पहिल्या सहामाहीत दारिद्र्य जवळपास ५३ टक्क्यांवर गेलं. दुसऱ्या सहामाहीत ३८ वर उतरलं. ज्यांचा आवाज कमी त्यांच्यावर कात्री आधी चालते, ही कपातीची जुनी खोड आहे, विचारसरणी कुठलीही असो.

आपल्याकडे त्या खोडीचं रूप वेगळं. महाराष्ट्राचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७ लाख कोटींचं. महसुली जमा ५.६१ लाख कोटी, महसुली खर्च ६.०७ लाख कोटी. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जमेपैकी निम्म्याहून जास्त पैसा जातो. हा बांधील खर्च. लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी, आणि तिला हात लावायची छाती कुठल्याच पक्षात नाही. मग पैसा कमी पडला की वित्त विभाग काय कापतो? जे बोलत नाही ते. रस्त्याची डागडुजी, कालव्यातला गाळ, ग्रंथालयांचं अनुदान, कंत्राटदारांची बिलं. बिल थकवणं ही कपात नव्हे, ते बिनव्याजी कर्ज आहे, आणि कंत्राटदार पुढच्या निविदेत ते दर चढवून वसूल करतो. तेव्हा एखाद्या सरकारने 'आम्ही खर्च १० टक्क्यांनी कमी केला' म्हटलं की कुठला, महसुली (रोजचा चालू खर्च) की भांडवली (रस्ते, धरणं, इमारती उभारण्याचा), हे विचारायचं. भांडवली असेल तर सरकार छोटं झालेलं नाही, नुसतं जुनाट झालंय.

कर कमी केले की वसुली आपोआप वाढते, असाही एक युक्तिवाद तुमच्या वाचनात आला असेल. दर कुठून कुठे आणता यावर ते अवलंबून आहे. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभर रुपये जास्त कमावले तर सव्वादोन हाती. माणूस एकतर काम थांबवेल नाहीतर लपवेल. तिथून खाली येण्यात फायदाच होता, आणि १९९७ मध्ये १०-२०-३० ची रचना आल्यावर लोक करजाळ्यात आलेही. पण सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला तेव्हा वसुली ६.६४ लाख कोटींवरून त्या वर्षी ५.५७ लाख कोटींवर उतरली. मंदीचाही त्यात हात होता. तरी ९७ वरून ५० आणि ३० वरून २२ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उरला प्रश्न सरकारला वेसण घालायचा, कारण एकदा कापलेलं पुन्हा वाढतंच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने १९९२ मध्ये घटनेतच लिहून टाकलं: सरकारचा महसूल महागाई अधिक लोकसंख्यावाढ याहून जास्त वाढला तर जास्तीचे पैसे लोकांना परत, आणि नवा कर लावायचा तर जनमत घ्या. कल्पना चोख, पण मंदीत महसूल पडला की मर्यादाही त्या खालच्या पातळीवरून मोजली जायची, आणि मंदी सरल्यावरही ती वर येईना. २००५ मध्ये लोकांनीच पाच वर्षांची सूट दिली. शिवाय 'करा'ला बंदी म्हटल्यावर सरकारने 'फी' वाढवल्या. स्वित्झर्लंडचा कर्जाला लगाम, २००१ च्या जनमतात ८५ टक्के मतांनी मंजूर आणि २००३ पासून लागू, मला जास्त टिकाऊ वाटतो. तो खर्चाला चक्राशी बांधतो: मंदीत थोडी तूट चालते, तेजीत ती भरून काढावीच लागते.

फीची ती पळवाट आपल्याकडे उपकराच्या रूपात आहे. तुमच्या ९७,५०० मधले ३,७५० हे उपकर आहेत, आणि उपकर व अधिभार केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. महाराष्ट्राचा व्यवसाय कर हे आणखी बोलकं उदाहरण. पगारपत्रकावर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे २,५०० होतात, ते हेच. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये हा कर आला. ठरावीक कामासाठी ठरावीक कर, ही गोष्ट लिबर्टेरियन माणसालासुद्धा आवडावी. पुढे २००६ पासून केंद्राच्या रोजगार हमीने मजुरीचा बराचसा भार उचलला, तरी कर जिथे होता तिथेच राहिला. म्हणून नव्या कराला पाठिंबा देताना कायद्यात समाप्तीची तारीख मागावी. 'तात्पुरता' या शब्दावर विसंबू नये.

आता वास्तवात काय होऊ शकतं याचं गणित तुमच्यासाठी करतो. केंद्राने पाच वर्षांत खर्च देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत अडीच टक्क्यांनी कमी केला असं धरू. आजच्या मापाने नऊ लाख कोटींच्या आसपास, म्हणजे कल्पनेतसुद्धा कठीण. त्यातले पहिले पाच लाख कोटी तुटीत जातील. उरलेल्या साधारण चार लाख कोटींपैकी अर्धा टक्का उत्पन्न, १.७८ लाख कोटी, जीएसटीत सूट द्यायला ठेवू, कारण आयकर न भरणारा गरीबही जीएसटी भरतो. बाकी साधारण २.१५ लाख कोटी आयकरात. २०२५-२६ चा आयकराचा अंदाज १४.३८ लाख कोटी होता, म्हणजे साधारण १५ टक्के सूट. तुमचे ९७,५०० उतरून ८३ हजारांच्या आसपास येतील. पहारेकरी सरकारापासून हे कोसभर दूर, पण टिकणारं आहे, कारण तूट आधी भरली गेलीय आणि व्याजाचा डोंगर दरवर्षी थोडा खचत जातो.

स्वतः पडताळायचं असेल तर केंद्राचं 'बजेट ॲट अ ग्लान्स' उघडा. सुरुवातीलाच जमा-खर्चाचा तक्ता असतो. त्यात व्याजाची ओळ आणि महसुली तुटीची ओळ आधी वाचा, योजनांची नावं नंतर. करसवलतींमुळे किती महसूल सोडला याचं निवेदन जमेच्या अंदाजपत्रकाला जोडलेलं असतं. 'कर कमी करा' म्हणणाऱ्या उद्योगांना आधीच काय मिळतंय ते तिथे कळतं. राज्यासाठी मार्चचा आकडा शेवटचा धरू नका. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात ९४,८८९ कोटींच्या आणि ३० जून २०२५ ला ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या; अंदाजपत्रक मंजूर होऊन चार महिनेही झाले नव्हते. कुठल्या खात्याला किती पैसे मंजूर झाले, किती सोडले आणि किती खर्च झाले हे राज्याच्या बीम्स संकेतस्थळावर बघता येतं. तिथे जानेवारीत एक फेरी मारा आणि बांधकाम खात्याचा आकडा सामाजिक योजनांच्या आकड्याशेजारी ठेवून वाचा. कात्री कुठे चालली ते लगेच दिसेल.